काळं शून्य आणि न मांडलेला घसारा

ऑक्टोबर २०१७ मध्ये बर्लिनच्या अर्थ मंत्रालयाच्या आवारात काळे कपडे घातलेले कर्मचारी एका भल्यामोठ्या शून्याच्या आकारात उभे राहिले आणि वरून त्यांचा फोटो काढण्यात आला. आठ वर्षं अर्थमंत्री राहिलेले वोल्फगांग शॉयब्ले मंत्रालय सोडून संसदेचे अध्यक्ष व्हायला निघाले होते, त्यांना दिलेला हा निरोप. 'काळं शून्य' ही त्यांची ओळख बनली होती: जमा तेवढाच खर्च, नवं कर्ज शून्य. १९६९ नंतर जर्मनीच्या केंद्र सरकारला हे पहिल्यांदा साधलं ते २०१४ मध्ये, आणि पुढे २०१९ पर्यंत दरवर्षी. एखाद्या खात्याने आपल्या साहेबाला शून्य अर्पण करावं आणि त्यात कोणालाही विनोद दिसू नये, हे जर्मनीतच व्हावं.

मराठी मध्यमवर्गीय माणसाला हे मनापासून पटतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि ऋण काढून सण करू नये, हे बाळकडू आपण घेतलेलंच असतं. त्यामुळे युरोपात २०१० नंतर ग्रीसचं दिवाळं निघालं तेव्हा आपल्याकडेही बहुतेकांची सहानुभूती जर्मनीकडे होती. एक कष्टाळू, काटकसरी देश आणि दुसरा उधळ्या, अशी ती गोष्ट सांगितली गेली आणि आपण ती ऐकली. मला वाटतं, ती गोष्ट अर्धीच होती. जर्मनीने काटकसर केली हे खरं, पण हिशेबाच्या वहीत एक रकाना कधी मांडलाच नाही. तो रकाना घसाऱ्याचा. साध्या छापखान्याचा मालकही मशीन दरवर्षी झिजतं म्हणून घसारा लिहितो. नाही लिहिला तर त्याचा नफा कागदावर फुगतो आणि दहा वर्षांनी मशीन एकदम बसतं. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेचं केंद्र सरकार आजही रोखीचे हिशेब ठेवतं: किती आले, किती गेले. पूल किती झिजला, याची त्यात नोंद नाही. हॅम्बुर्ग आणि हेसन या राज्यांनी दुहेरी नोंदीची पद्धत स्वीकारली, केंद्राने नाही. (आपल्याकडेही केंद्र आणि राज्यांचे अर्थसंकल्प रोखीवरच चालतात, तेव्हा नाकं मुरडायचं कारण नाही.)

या काटकसरीला कायद्याचं कवच मिळालं २००९ मध्ये. अँगेला मर्केल यांच्या पहिल्या सरकारने, समाजवादी पक्षाचे पेअर श्टाइनब्रुक अर्थमंत्री असताना, राज्यघटनेत 'शुल्डेनब्रेम्से' म्हणजे कर्जाचा ब्रेक बसवला. केंद्राने मंदीचा परिणाम वगळून वर्षाला जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नवं कर्ज काढायचं नाही, आणि राज्यांनी २०२० पासून अजिबातच नाही. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर २००८ मध्ये, श्टुटगार्टच्या पक्ष अधिवेशनात मर्केलबाईंनी श्वाबियन गृहिणीचा दाखला दिला होता. जगातल्या बँका का बुडाल्या हे त्या प्रांतातल्या कुठल्याही गृहिणीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की, ऐपतीबाहेर कायम जगता येत नाही. टाळ्या पडल्या. या गृहिणीवर पुढे एवढं लिहिलं गेलं की ती जणू युरोपची न निवडलेली अर्थमंत्रीच झाली.

ब्रेकच्या आधीचा नियम काय होता, हे मात्र कमी लोक सांगतात. १९६९ पासून राज्यघटनेत तरतूद होती की, सरकारने जेवढी गुंतवणूक केली तेवढंच कर्ज काढावं. ऐकायला शहाणपणाची. पण त्यात नवं बांधलेलं मोजलं जायचं आणि जुनं झिजलेलं वजा होत नसे, शिवाय 'अर्थव्यवस्थेचा तोल बिघडला' असं म्हणून पळवाटही काढता यायची. कर्ज वाढतच गेलं. म्हणून २००९ मध्ये दुसऱ्या टोकाला उडी मारली: गुंतवणूक असो की पगार, सगळा खर्च एकाच पारड्यात. दोन्ही नियमांत घसारा नव्हताच.

या नियमांच्या आकड्यांना आपण जरा जास्तच पावित्र्य बहाल करतो. मास्ट्रिख्ट कराराने युरोला जी अट घातली, तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत हवी, त्यातला ३ कुठून आला? १९८१ मध्ये फ्रान्समध्ये मित्तराँ सरकारला मंत्र्यांच्या मागण्या परतवायला एक सोपा आकडा हवा होता. अर्थसंकल्प विभागातले तरुण अधिकारी गी आबेय आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो घाईघाईत काढून दिला. त्यामागे कुठलाही अर्थशास्त्रीय सिद्धांत नव्हता, हे आबेय यांनी पुढे स्वतःच मुलाखतींतून सांगितलं. तोच ३ आज आपल्या वित्तीय जबाबदारी कायद्यात, म्हणजे एफआरबीएममध्येही आहे. आणि नियम बनवणाऱ्यांनीच तो आधी मोडला. २००३ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स दोघांची तूट ३ टक्क्यांवर गेली तेव्हा युरोपच्या अर्थमंत्र्यांनी त्यांच्यावरची कारवाई थांबवली.

आता काळ्या शून्याच्या दिवसांत काय हुकलं ते पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मन सरकारने ३० वर्षांचे रोखे शून्य व्याजाने विकायला काढले. घेणाऱ्यांनी ते दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊन घेतले. परतावा उणे ०.११ टक्के. म्हणजे सरकारला तीन दशकांसाठी पैसे वापरायला देऊन वर सावकारच थोडे पैसे मोजत होता. अशा वेळी पूल, रेल्वे, शाळा यांची तीस वर्षांची कामं उरकून घ्यायची नाहीत तर कधी घ्यायची? कुठल्याही काटकसरी गृहिणीने घेतली असती. श्वाबियन असली तरी.

झाऊअरलांड या डोंगराळ भागात ल्यूडेनशाइड नावाचं गाव आहे. आजूबाजूला स्क्रू, झडपा, मोटारींचे सुटे भाग बनवणारे मध्यम आकाराचे कौटुंबिक कारखाने. जर्मनीची निर्यात ज्यांच्या जिवावर चालते ते हे लोक. डॉर्टमुंडहून दक्षिणेकडे जाणारा ए-४५ महामार्ग या गावाजवळ राह्मेडे खोरं एका उंच पुलावरून ओलांडायचा. पूल १९६० च्या दशकातला, तेव्हाच्या वाहतुकीसाठी बांधलेला. पुढच्या पन्नास वर्षांत ट्रकची संख्या आणि वजन दोन्ही कैक पटींनी वाढलं. डिसेंबर २०२१ मध्ये तपासणीत तो धोकादायक ठरला आणि एका रात्रीत बंद झाला. हजारो ट्रक गावातल्या गल्ल्यांतून जायला लागले. मे २०२३ मध्ये सुरुंग लावून पूल पाडला, मग नवा बांधायला घेतला. त्या दरम्यान कामगार नोकऱ्या सोडून गेले, कारण रोजचा रस्ताच राहिला नाही. या सगळ्याचा खर्च अर्थसंकल्पात कुठे दिसला? कुठेच नाही. सरकारच्या वहीत २०१४ ते २०१९ ही सोन्याची वर्षं होती.

दुसरं उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तीनच्या सुमारास ड्रेसडेनमधल्या कारोला पुलाचा सुमारे १०० मीटरचा भाग एल्ब नदीत कोसळला. त्यावर ट्रामचे रूळ होते. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती, त्यामुळे कोणी दगावलं नाही. पुलातून जाणारे गरम पाण्याचे नळ फुटले आणि शहरभर गरम पाणी बंद झालं. हा पूल शॉयब्ल्यांच्या गळ्यात बांधणं मात्र अन्यायाचं होईल. तो १९७१ चा, पूर्व जर्मनीच्या काळातला. आतल्या पोलादी तारांना बांधतानाच ओल लागली आणि त्या हळूहळू आतून कुजल्या, असं तज्ज्ञांनी नंतर सांगितलं. शिवाय पुलाच्या इतर दोन भागांची दुरुस्ती झाली होती, कोसळलेल्या भागाची पाळी २०२५ मध्ये होती. 'पुढच्या वर्षी करू' हेच तर काटकसरीचं रोजचं वाक्य.

रेल्वेची गत सांगायलाच नको. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या आईवडिलांना आता 'गाडी चुकली' हा निरोप पाठ झाला असेल. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे वेळेवरच धरतात. रद्द झालेली गाडी तर या हिशेबात येतच नाही. उशिराने येणाऱ्या जर्मन गाड्यांना स्वित्झर्लंड बाझेलच्या पुढे येऊ देत नाही, आपलं वेळापत्रक बिघडेल म्हणून. २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेचे संचालक फिलिप लाम स्वतः गाडीच्या उशिरामुळे ड्युसेलडोर्फचा एक सामना सुरू झाल्यावर पोचले. केएफडब्ल्यू ही सरकारी विकास बँक दरवर्षी नगरपालिकांना विचारते की, तुमची किती कामं तुंबली आहेत. ताजा आकडा २०० अब्ज युरोंच्या वर आहे आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा शाळांच्या इमारतींचा. हेही कर्जच. फक्त ते रोख्यांवर छापलेलं नाही, गळक्या छपरांवर आणि बंद पडलेल्या लिफ्टवर आहे, आणि फेडणार आहेत तीच पुढची पिढी, जिच्या नावाने ब्रेक लावला होता.

हा नियम जर्मनीने स्वतःपुरता ठेवला असता तर मी एवढा चिडलो नसतो. पण तो ग्रीसवर लादला गेला. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं पहिलं कर्ज मंजूर झालं. त्यातला मोठा भाग जुनी देणी फेडण्यात गेला आणि त्या सावकारांत जर्मन आणि फ्रेंच बँका होत्या. बदल्यात पेन्शन कापली, पगार कापले, सरकारी गुंतवणूक कापली. अर्थव्यवस्था पाव भागाने आकसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. २०१५ च्या उन्हाळ्यात बँकांबाहेर रांगा लागल्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी अटी नाकारल्या आणि आठवडाभरात त्यांच्याच सरकारने तशाच किंवा त्याहून कडक अटी स्वीकारल्या. त्या वाटाघाटींत शॉयब्ल्यांनी ग्रीसला काही काळ युरोतून बाहेर राहण्याचा पर्यायही सुचवून पाहिला.

खासगीकरणाचा एक नमुना तर डोळ्यांत भरण्यासारखा. ग्रीक सरकारकडचे १४ प्रादेशिक विमानतळ ४० वर्षांसाठी फ्रापोर्ट या कंपनीकडे गेले, सुमारे १.२३ अब्ज युरोंना. या फ्रापोर्टमध्ये बहुमताचा हिस्सा हेसन राज्याचा आणि फ्रँकफुर्ट शहराचा. म्हणजे सरकारी मालकी अकार्यक्षम म्हणून ग्रीक सरकारकडून जे काढून घेतलं, ते जर्मन सरकारी मालकीत गेलं.

यावर दुसरी बाजू म्हणते, बघा, शेवटी औषध लागू पडलंच. २०२४ मध्ये ग्रीसच्या अर्थसंकल्पात शिल्लक राहिली, आणि त्या वर्षाअखेरीस फ्रान्सला ग्रीसएवढंच व्याज मोजावं लागत होतं. हे आकडे खरे आहेत. ग्रीसमधल्या जुन्या राजकारण्यांनी खोटे हिशेब दिले होते, करबुडवेगिरी राजरोस होती, हेही खरं. पण पंधरा वर्षांनीही तिथली अर्थव्यवस्था २००८ च्या उंचीवर परत गेलेली नाही आणि लाखो तरुण देश सोडून गेले. त्यातले बरेच डॉक्टर जर्मनीतच. त्यांच्या शिक्षणाचा खर्च ग्रीसने केला. ही झीजसुद्धा कुठल्या वहीत नाही.

मग रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि स्वस्त रशियन वायूवर उभं असलेलं जर्मन गणित कोलमडलं. समाजवादी, ग्रीन आणि मुक्त लोकशाही अशा तीन पक्षांचं सरकार ओढाताण करत होतं. कोविडसाठी मंजूर झालेली पण न वापरलेली ६० अब्ज युरोंची कर्जमर्यादा त्यांनी हवामान निधीकडे वळवली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी कार्ल्सरूह इथल्या जर्मनीच्या घटना न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. निकाल कायद्याला धरून होता, दोष न्यायालयाचा नाही. पूल कधी बांधायचा हा प्रश्न राज्यघटनेत नेऊन ठेवला की उत्तर न्यायाधीशच देणार. पुढच्या वर्षी ६ नोव्हेंबरला, ट्रम्प जिंकल्याचं जगाला कळलं त्याच दिवशी, चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांना काढून टाकलं. भांडण ब्रेक ढिला करायचा की नाही यावरच होतं.

फ्रीडरिश मेर्झ यांच्या सीडीयूने (मर्केलबाईंचाही हाच पक्ष) कर्जाच्या ब्रेकला हात लावणार नाही असं जाहीरनाम्यात लिहून २३ फेब्रुवारी २०२५ ची निवडणूक लढवली आणि जिंकली. पाच दिवसांनी ट्रम्प यांनी झेलेन्स्कींना व्हाइट हाउसमध्ये जगासमोर झापलं. ४ मार्चला मेर्झ यांनी जाहीर केलं की ब्रेक बदलायचा. जीडीपीच्या एक टक्क्यावरचा सगळा संरक्षण खर्च ब्रेकबाहेर, त्याला वरची मर्यादाच नाही. शिवाय १२ वर्षांसाठी पायाभूत सुविधांना ५०० अब्ज युरोंचा विशेष निधी. आपल्या रुपयांत हा निधी भारताच्या एका वर्षाच्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या जवळपास जातो. नव्या संसदेत दोन तृतीयांश मतं जमली नसती, म्हणून जुनीच संसद पुन्हा बोलावून १८ मार्चला घटनादुरुस्ती उरकली. ग्रीन पक्षाने आपली किंमत वसूल केली: त्यातले १०० अब्ज हवामानासाठी, आणि निधी 'जादा' गुंतवणुकीसाठीच वापरायचा अशी शब्दरचना.

निर्णय योग्य होता. शब्द फिरवला म्हणून मेर्झ यांना झोडपणाऱ्यांत मी नाही. ते स्वतः झाऊअरलांडचे आहेत, राह्मेडेचा पूल त्यांना दुसऱ्या कोणी दाखवायची गरज नव्हती. माझा आक्षेप आहे तो ब्रेक कुठे ढिला केला याला. रणगाड्याला मर्यादा नाही. पुलाला आहे. रणगाडा झिजतो, कालबाह्य होतो आणि नशीब बरं असेल तर कधीच वापरला जात नाही, त्यासाठी हवं तेवढं कर्ज; शाळेचं छप्पर मात्र नेहमीच्या अर्थसंकल्पात ०.३५ टक्क्यांच्या मापात, किंवा मग एका ठरावीक रकमेच्या पेटीतून. धोका खरा आहे, पुतिन यांची भीती पोलंडला किंवा एस्टोनियाला विचारावी. तरीही लष्करी खर्चाला सोडलेला हा मोकळा हात आणि बाकी सगळ्यावर तोच जुना लगाम, यात कसलंही अर्थशास्त्र नाही. तेवढ्यापुरतीच दोन तृतीयांश मतं जमत होती.

आणि घसारा पुन्हा मांडायचा राहिला तो राहिलाच. सरकारने नियमित अर्थसंकल्पात आधीच धरलेली रेल्वेची आणि महामार्गांच्या पुलांची कामं नव्या निधीत सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरंच काही बसवलं: मातांच्या पेन्शनमध्ये वाढ, हॉटेलातल्या जेवणावरचा कर १९ वरून ७ टक्के. 'जादा'ची कायदेशीर व्याख्या एवढीच की, मूळ अर्थसंकल्पात गुंतवणुकीचा वाटा १० टक्के असावा. जर्मन अर्थतज्ज्ञांनी यावर भरपूर टीका केली आणि ती रास्त आहे. सरकारच्याच आराखड्यानुसार २०२९ पर्यंत सुमारे ८५० अब्ज युरोंचं नवं कर्ज येईल आणि व्याजाचा बोजा दुपटीच्या आसपास जाईल. तेही आता, जेव्हा व्याज अडीच टक्क्यांच्या वर आहे. २०१९ मध्ये फुकट मिळत होतं तेव्हा नको होतं.

फ्रान्सकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, लगाम सोडला की हे होतं. तिथे १९७४ नंतर एकदाही अर्थसंकल्प समतोल झालेला नाही, २०२४ ची तूट ५.८ टक्के होती. ४४ अब्ज युरोंची बचत सुचवली म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रांस्वा बायरू यांचं सरकार पडलं. २०२४ अखेरीस फ्रान्सचं कर्ज जीडीपीच्या ११३ टक्के होतं, जर्मनीचं ६३ च्या आसपास. मला फ्रान्सचा रस्ता नको आहे. पण फ्रान्सची वेगवान रेल्वे वेळेवर धावते, हेही त्याच तुलनेत धरायला हवं.

पैसा हेच एकमेव दुखणं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. मुंबईचं भगिनी शहर असलेल्या श्टुटगार्टमध्ये 'श्टुटगार्ट २१' नावाचं भूमिगत रेल्वे स्टेशन २०१० पासून बांधलं जात आहे. ते २०१९ ला उघडायचं होतं, खर्च साडेचार अब्ज ठरला होता; तो ११ अब्जांच्या पुढे गेला, तारखांवर तारखा पडत आहेत. परवानग्या, खटले, पालींच्या स्थलांतराचे आदेश, इंजिनियरांची टंचाई. पैसा ओतून हे सुटत नाही. शिवाय पंधरा वर्षं कामंच काढली नाहीत तर नगरपालिकेतले काम काढणारे अभियंतेही निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. आता पैसा आला तर निविदा लिहायला माणूस नाही, अशी तक्रार जर्मन महापौर करतात.

करायला काय हवं? १९६९ चा नियम परत आणावा, पण झीज वजा करून. सरकारने आपल्या पुलांची, रुळांची, शाळांची यादी किमतीसह प्रसिद्ध करावी, दरवर्षी त्यांचा घसारा मांडावा, आणि घसाऱ्याएवढी दुरुस्ती चालू उत्पन्नातूनच व्हावी, कर्जातून नाही. त्यावर जी खरी भर पडेल तिच्यापुरतं कर्ज काढायची मुभा असावी. पेन्शन आणि करसवलती त्यात बसवता येणार नाहीत. असा नियम सध्याच्या ब्रेकपेक्षा काही बाबतींत कडकच ठरेल, आणि २०१४ ते २०१९ च्या काळात तो असता तर काळं शून्य लाल, म्हणजे तुटीचं, दिसलं असतं.

मेर्झ सरकारने ब्रेकच्या कायमच्या दुरुस्तीसाठी तज्ज्ञांचा आयोग नेमला आहे. तो काहीही सुचवो, राज्यघटना बदलायला ६३० पैकी ४२० मतं लागतात. मेर्झ यांचा सीडीयू, त्याचा भाऊ-पक्ष सीएसयू, समाजवादी आणि ग्रीन असे सगळे मिळून होतात ४१३. उरलेली मतं एक तर उजव्या टोकाच्या एएफडीकडे आहेत, नाही तर डी लिंके या डाव्या पक्षाकडे, आणि या दोघांशीही सहकार्य करायचं नाही असा मेर्झ यांच्या पक्षाचा २०१८ चा ठराव आहे. ६ मे २०२५ ला चान्सलरपदाच्या पहिल्या फेरीत मेर्झ पडले तेव्हा त्याच दिवशी दुसरी फेरी घेता यावी म्हणून त्यांच्या लोकांना डी लिंकेचं दार ठोठवावंच लागलं होतं, आणि ते उघडलं गेलं. पुढच्या वेळी तिथे जाताना हातात काय घेऊन जायचं, हे त्या पक्षाने अजून ठरवलेलं दिसत नाही.